कृपा आणि हक्क : आयर्लंडांतील कॅथलिकांच्या मुक्ततेचा इतिहास

पॅरिशच्या महोत्सवप्रसंगीं आपलें लक्ष स्वाभाविकपणेंच डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंकडे जातें. चर्चचा मनोरा, त्यांतील घंटा, शेजारची शाळा, पलीकडील दफनभूमि आणि सणाच्या दिवशीं रस्त्यानें निघणारी मिरवणूक, ह्या सर्व गोष्टी आपल्या पूर्वजांच्या श्रमांचें व दातृत्वाचें फळ होत, यांत संशय नाहीं. परंतु ह्या प्रत्येकीच्या पाठीशीं एक न दिसणारी वस्तु उभी असते. ती म्हणजे कायदा. मनोरा उभारण्यास, घंटा वाजविण्यास, मुलांना शिकविण्यास व मृतांस विधिपूर्वक मूठमाती देण्यास कायद्याची मोकळीक असावी लागते. ज्या देशांत ती नव्हती, तेथील लोकांस ह्यांतील एकेका गोष्टीसाठीं पिढ्यानुपिढ्या झगडावें लागलें. असा एक देश म्हणजे आयर्लंड होय. त्या देशाची कथा वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचा येथें विचार आहे.

ही कथा वाचतांना दोन गोष्टींतील भेद मनांत ठेविला पाहिजे. एक कृपा व दुसरी हक्क. राज्यकर्त्यानें प्रसन्न होऊन दिलेली सवलत ही कृपा. ती देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते व मर्जी फिरली कीं जाते. नागरिक म्हणून जें सर्वांस सारखेंच मिळतें तो हक्क. तो एकाचा काढून घेऊं म्हटलें तर सर्वांच्याच हक्कास धक्का लागतो. कॅथलिक लोकांनीं हा भेद फार दुःख सोसून ओळखला. आणि सत्ता हातीं आली असतां ते तो पुष्कळदां विसरलेही. दोन्ही गोष्टी सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं.

राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म

सोळाव्या शतकांत युरोपांत धर्मभेद माजला, तेव्हां राजाचा जो धर्म तोच प्रजेचा असला पाहिजे, असें बहुतेक राज्यकर्ते मानूं लागले. १५३४ सालीं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें पार्लमेंटाकडून कायदा करवून स्वतःस तेथील ख्रिस्तसभेचा प्रमुख ठरविलें. त्याची कन्या मेरी ही १५५३ पासून १५५८ पर्यंत गादीवर असतां कॅथलिक धर्म परत आला. परंतु तिच्या कारकीर्दींत तीनशेंच्या आसपास प्रॉटेस्टंटांस जिवंत जाळण्यांत आलें, हें आपण लपवूं नये. पुढें एलिझाबेथच्या अमदानींत पारडें फिरलें, आणि आतां मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंवर वधस्तंभ चढण्याची पाळी आली. फ्रान्समध्यें चौथ्या हेन्रीनें १५९८ सालीं नांत येथें काढलेल्या जाहीरनाम्यानें प्रॉटेस्टंटांस धर्माचरणाची मोकळीक दिली होती. ती चौदाव्या लुईनें १६८५ सालीं एका हुकुमासरशीं रद्द केली, आणि हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं. एका राजानें दिलेलें दुसऱ्या राजानें घेतलें. कॅथलिक राजाच्या हातीं सत्ता गेली तर आपलें काय होईल, ही ब्रिटिश बेटांतील प्रॉटेस्टंटांची भीति अशा हकीकतींनीं वाढली असल्यास नवल नाहीं.

आयर्लंडांत परिस्थिति विलक्षण होती. तेथें राज्य प्रॉटेस्टंटांचें, पण बहुसंख्य प्रजा कॅथलिक. १६४१ सालीं देशांतील सुमारें ५९ टक्के जमीन कॅथलिकांच्या मालकीची होती. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर झालेल्या जप्त्यांमुळें १६८८ सालीं ती २२ टक्क्यांवर आली. त्याच वर्षीं इंग्लंडांत राज्यक्रांति होऊन कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला. त्याचा पक्ष घेऊन आयरिश लोक लढले, १६९० सालीं बॉइन नदीच्या कांठीं हरले, आणि १६९१ च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस लिमरिक शहरीं तह झाला.

ह्या तहांत एक महत्त्वाचें कलम होतें. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत कॅथलिकांस धर्माचरणाची जेवढी मोकळीक होती, तेवढी पुढेंही राहील, असें वचन त्यांत दिलेलें होतें. त्या वचनावर विसंबून लिमरिकच्या सेनेनें शहर सोडलें, व हजारों शिपाई जहाजांत बसून फ्रान्सला निघून गेले. परंतु डब्लिनच्या पार्लमेंटांत आतां केवळ प्रॉटेस्टंट सभासद होते. त्यांनीं १६९७ सालीं तहास मान्यता दिली ती मोडतोड करून. आणि त्यापूर्वींच त्याच्या आशयाविरुद्ध कायदे करण्यास प्रारंभ झाला होता. शॅनन नदीच्या कांठीं ज्या शिळेवर तहाच्या सह्या झाल्या असें परंपरा सांगते, ती शिळा लिमरिकचे लोक आजही दाखवितात.

कायद्यानें घातलेल्या बेड्या

ह्या कायद्यांस इतिहासांत पीनल लॉज म्हणजे दंडकारी कायदे असें नांव आहे. १६९५ सालीं कॅथलिकांस शस्त्र बाळगण्याची व पांच पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचा घोडा ठेवण्याची मनाई झाली. त्याच सालीं त्यांनीं शाळा चालवूं नये व मुलांस शिक्षणाकरितां परदेशीं पाठवूं नये, असाही कायदा झाला. १६९७ च्या कायद्यानें सर्व बिशपांस व संन्यस्त संघांतील धर्मगुरूंस देशाबाहेर जाण्याचा हुकूम सुटला. साध्या धर्मगुरूंस राहूं दिलें, परंतु १७०४ पासून त्यांनीं आपलीं नांवें सरकारदरबारीं नोंदविलीं पाहिजेत असें ठरलें. बिशप नाहीं म्हणजे नव्या धर्मगुरूस दीक्षा नाहीं. तेव्हां असलेले धर्मगुरु मरतील व धर्म आपोआप संपेल, असा हा हिशेब होता. १७०९ सालीं तर पकडून देणाऱ्यास बक्षिसें ठरविण्यांत आलीं : बिशपास ५० पौंड, धर्मगुरूस २० पौंड आणि शाळामास्तरास १० पौंड.

सर्वांत खोल घाव घातला तो १७०४ च्या जमिनीच्या कायद्यानें. त्यानें कॅथलिकास जमीन विकत घेण्याची बंदी केली. खंडानें घ्यावयाची तर ३१ वर्षांपलीकडे घेतां येत नसे. कॅथलिक जमीनदार वारला कीं त्याची जमीन सर्व मुलांत सारखी वांटली जाई, म्हणजे दोन तीन पिढ्यांत घराणें तुकड्यांवर येई. मात्र थोरल्या मुलानें प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तर सर्व वतन त्याचें होई, आणि बाप जिवंत असतांनाच आपल्याच शेताचा केवळ हयातीपुरता उपभोक्ता बनून राही. आपल्याकडे भाऊबंदकीनें घरें मोडतात. तेथें भाऊबंदकी कायद्यानेंच पेरली. पुढें १७२८ च्या सुमारास मताचा हक्कही काढून घेतला गेला. आतां ज्या पार्लमेंटानें हे कायदे केले, त्याच्या निवडणुकींत ज्यांच्यावर ते लादले त्यांस बोलण्यासही जागा उरली नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ह्या कायद्यांनीं प्रत्यक्ष रक्तपात फारसा केला नाहीं. मनुष्यास न मारतां त्याची जमीन, त्याची विद्या, त्याचा धंदा व त्याचा आवाज एकामागून एक काढून घेतला, म्हणजे तो जिवंत असूनही नागरिक राहत नाहीं. आयर्लंडांत जन्मलेला व कॅथलिक मातेचा पुत्र असलेला प्रसिद्ध मुत्सद्दी एडमंड बर्क, जो स्वतः प्रॉटेस्टंट होता, त्यानें ह्या कायद्यांचा आयुष्यभर निषेध केला.

कुंपणाआडची शाळा

लोकांनीं काय केलें? डोंगराच्या आडोशास एखादा सपाट खडक पाहून त्यावर मिस्सा होऊं लागली. वाटेवर पहारा ठेवून लोक पावसांत गुडघे टेकीत. अशा शिळा आयर्लंडांत ठिकठिकाणीं आहेत. शेताच्या कुंपणाआड मास्तर मुलांस बसवून अक्षरें, हिशेब आणि कित्येक ठिकाणीं लॅटिनही शिकवीत. त्या शाळांस कुंपणशाळा असेंच नांव पडलें. सालामांका, लूव्हें, पॅरिस अशा शहरीं आयरिश महाविद्यालयें होतीं; तेथें तरुण चोरून जात व धर्मगुरु होऊन चोरूनच परतत.

अशांपैकीं एका स्त्रीचें चरित्र आपल्या भगिनींनीं अवश्य जाणून घ्यावें. नॅनो नेगल ही १७१८ सालीं कॉर्क प्रांतांत एका सुखवस्तु कॅथलिक घराण्यांत जन्मली. तिचें शिक्षण फ्रान्समध्यें झालें. मायदेशीं परतल्यावर तिनें १७५४ च्या सुमारास कॉर्क शहरांतील गरीब मुलांकरितां गुप्तपणें शाळा काढली. हा कायद्यानें अपराध होता. तरीही एकीच्या अनेक शाळा झाल्या, आणि रात्रीं कंदील घेऊन ती आजारी व अनाथ लोकांच्या घरीं फिरूं लागली. १७७५ सालीं तिनें स्थापिलेला संघ पुढें प्रेझेंटेशन भगिनींचा संघ म्हणून प्रसिद्धीस आला, व १८४२ सालीं त्या संघाच्या भगिनी मद्रासेस येऊन पोहोंचल्या. ज्या देशांत शिकविणें हा गुन्हा होता, त्या देशांतून निघालेला हा दिवा आपल्या देशांतही लागला.

कृपेचे तुकडे

अठराव्या शतकाच्या अखेरीस बंधनें सैल होऊं लागलीं. सरकारचें मन पालटलें असें म्हणण्यापेक्षां सरकार अडचणींत आलें असें म्हणणें अधिक खरें. अमेरिकेंत युद्ध पेटलें, सैनिक हवे होते. पुढें फ्रान्समध्यें क्रांति झाली, तेव्हां घरांतील असंतोष परवडण्यासारखा नव्हता. १७७८ सालीं दीर्घ मुदतीचे पट्टे घेण्याची, १७८२ सालीं जमीन विकत घेण्याची व शाळा चालविण्याची परवानगी मिळाली. १७९३ सालीं मताचा हक्क परत आला. वर्षास ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन ज्याच्याकडे असेल त्यास मत देतां येऊं लागलें. १७९५ सालीं सरकारनेंच मेनूथ येथें धर्मगुरूंकरितां विद्यालय काढण्यास साह्य केलें.

परंतु कृपा ही मोजून मापून दिली जाते. १७८२ च्या कायद्यानें धर्मगुरूंस जी सवलत दिली, ती मनोरा किंवा घंटा असलेल्या चर्चमध्यें उपासना करणाऱ्या धर्मगुरूस लागू नव्हती! प्रार्थना करा, पण ती रस्त्यावरून दिसूं नये व शेजाऱ्यास ऐकूं येऊं नये, असा त्याचा अर्थ. मत देण्यास मिळालें, पण पार्लमेंटांत बसण्यास मिळालें नाहीं. इंग्लंडांत तर १७७८ च्या अल्पशा सवलतीवरून १७८० च्या जून महिन्यांत लंडन शहरीं भयंकर दंगे झाले, कॅथलिकांचीं प्रार्थनास्थळें व घरें जाळण्यांत आलीं, आणि शेंकडों माणसें प्राणास मुकलीं. १८०१ सालीं आयर्लंडचें पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झालें. त्या वेळीं मुख्य प्रधान पिट यानें कॅथलिकांस पूर्ण मोकळीक मिळेल अशी आशा दाखविली होती. तिसऱ्या जॉर्ज राजानें आपल्या राज्याभिषेकाच्या शपथेचें कारण सांगून नकार दिला, आणि पिटनें राजीनामा दिला. एका माणसाच्या नकारानें लाखों लोकांची आशा आणखी अठ्ठावीस वर्षें लांबणीवर पडली.

महिन्याची एक पेनी

डॅनियल ओकॉनेल ह्याचा जन्म १७७५ सालीं केरी प्रांतांत झाला. तो फ्रान्समध्यें शिकत असतां तेथील क्रांतीचा रक्तपात त्याच्या कानांवर व डोळ्यांवर आला, आणि १७९८ सालीं आयर्लंडांतील बंडाची वाताहत त्यानें पाहिली. हिंसेनें मिळणारें स्वातंत्र्य त्यास नको होतें. तो मोठा वकील झाला. परंतु त्याच्याहून कमी योग्यतेचे प्रॉटेस्टंट वकील राजाचे सन्मान्य वकील म्हणून पुढें बसत, व तो मागें उभा राही. त्यानें कायद्याचा अभ्यास एकाच हेतूनें केला : कायद्याची मर्यादा न ओलांडतां कायदा बदलावयाचा. आपण ज्यास सनदशीर चळवळ म्हणतों, तिचा तो एक आद्य आचार्य होय.

१८२३ सालीं त्यानें कॅथलिक असोसिएशन नांवाची संस्था काढली. प्रारंभीं ती वकील, व्यापारी व जमीनदार ह्यांचीच होती. पुढच्या वर्षीं त्यानें महिन्यास एक पेनी देणाऱ्या कोणाही मनुष्यास सभासद करून घेण्याचें ठरविलें. रविवारीं चर्चच्या दाराशीं वर्गणी गोळा होऊं लागली. आपल्याकडील पैसाफंडाची आठवण व्हावी अशी ही योजना होती. पेनी लहान, पण ती देणारा शेतकरी त्या दिवसापासून याचक राहिला नाहीं. तो आपल्या कार्याचा भागीदार झाला. सरकारनें १८२५ सालीं कायदा करून संस्था बंद केली. ओकॉनेलनें कायद्यांत बसेल अशी दुसरी संस्था लगेच उभी केली.

१८२८ सालीं क्लेअर प्रांतांत पोटनिवडणूक आली. कॅथलिकानें पार्लमेंटांत बसूं नये असा कायदा होता. उभें राहूं नये असा नव्हता. ओकॉनेल स्वतः उभा राहिला. त्या काळीं मतदान उघड असे. कूळ कोणास मत देतो हें जमीनदार समोर उभा राहून पाही, आणि विरुद्ध मत देणाऱ्याची जमीन काढून घेणें त्याच्या हातीं होतें. तरीही ४० शिलिंगवाले शेतकरी गांवोगांवहून आपल्या धर्मगुरूंसह शिस्तीनें मतदानास आले. ओकॉनेलला २,०५७ मतें पडलीं, व प्रतिस्पर्धी मंत्री फिट्झजेरल्ड ह्यास ९८२. दंगा झाला नाहीं. मुख्य प्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा नेपोलियनला जिंकणारा सेनापति. पण ह्या निःशस्त्र रांगेपुढें त्यास माघार घ्यावी लागली. १८२९ च्या एप्रिलच्या १३ तारखेस कॅथलिक मुक्ततेचा कायदा झाला. पार्लमेंट व बहुतेक सर्व सरकारी अधिकारपदें कॅथलिकांस खुलीं झालीं.

विजयाची किंमत

ह्या विजयाला एक काळी कडा आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्याच वेळीं झालेल्या दुसऱ्या कायद्यानें आयर्लंडांत मताची पात्रता ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेण्यांत आली. मतदारांची संख्या सुमारें २,१६,००० होती, ती सुमारें ३७,००० वर आली. ज्या गरीब शेतकऱ्यांनीं घर व शेत पणाला लावून क्लेअरची लढाई जिंकली, त्यांचेंच मत गेलें. आणि पार्लमेंटचीं दारें उघडलीं तीं मुख्यतः सुखवस्तु कॅथलिकांकरितां. ओकॉनेलनें ह्या गोष्टीस जेवढा विरोध करावयास पाहिजे होता तेवढा केला नाहीं, असा इतिहासकारांचा आक्षेप आहे व तो खरा आहे. समाजाला हक्क मिळाला असें म्हणतांना त्यांतील शेवटच्या माणसास तो मिळाला काय, हें पाहिलें पाहिजे.

दुसऱ्या बाजूनें, हा हक्क आपल्यापुरता ठेवावा असें ओकॉनेलनें कधीं म्हटलें नाहीं. ज्यू लोकांस समान नागरिकत्व मिळावें म्हणून तो झगडला. अमेरिकेंतील गुलामगिरीचा त्यानें इतका कडक निषेध केला कीं, गुलामांच्या मालकांकडून आलेला पैसा त्यानें नाकारला. डब्लिनजवळ ग्लासनेव्हिन येथें त्याच्या प्रयत्नानें १८३२ सालीं जी दफनभूमि उघडली, ती सर्व धर्मांच्या व पंथांच्या मृतांस मोकळी ठेवण्यांत आली. कॅथलिकांस आपल्या मृतांवर उघडपणें विधि करण्याची अडचण होती, तिच्यावर त्यानें केवळ कॅथलिकांकरितां तोड काढली नाहीं. १८४७ सालीं जेनोवा येथें तो वारला, आणि त्याच भूमींत त्याचा देह विसावा घेत आहे.

राहिलेल्या गांठी सुटण्यास पुष्कळ काळ लागला. आयर्लंडांतील प्रॉटेस्टंट ख्रिस्तसभेचें सरकारी स्थान १८६९ च्या कायद्यानें गेलें. १८२९ च्या कायद्यांतच चर्च व खाजगी घरें ह्यांबाहेर कॅथलिक विधि करण्यास मनाई होती. त्या आधारावर १९०८ सालीं लंडन येथील युखरिस्त परिषदेच्या वेळीं पवित्र साक्रामेंताची मिरवणूक काढण्यास सरकारनें हरकत घेतली, व ती साक्रामेंताविनाच काढावी लागली. हें कलम १९२६ सालीं रद्द झालें. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९३७ च्या राज्यघटनेंत कॅथलिक ख्रिस्तसभेचें विशेष स्थान मान्य करणारें कलम घालण्यांत आलें होतें. तें १९७२ सालीं तेथील लोकांनींच, म्हणजे बहुतांशीं कॅथलिकांनींच, सार्वमतानें काढून टाकलें. कृपा आणि हक्क ह्यांतील भेद त्या राष्ट्रानें येथें पूर्णपणें ओळखला असें म्हणावें लागतें.

आपल्या किनाऱ्यावर

हा इतिहास दूरचा वाटेल, परंतु त्याचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. १६६१ सालीं दुसऱ्या चार्ल्सच्या विवाहाच्या तहान्वयें मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली, तेव्हां तेथील रहिवाशांस रोमन कॅथलिक धर्म मोकळेपणीं पाळतां येईल, असें कलम त्या तहांत होतें. त्याच राजाच्या इंग्लंडांत मात्र १६७३ पासून कॅथलिकास सरकारी अधिकार धरण्याची बंदी झाली. एकाच छत्राखालीं एका ठिकाणीं मोकळीक व दुसऱ्या ठिकाणीं बंदी! तरी मुंबईची ती मोकळीक तहावरच आधारलेली होती. म्हणून १७२० सालीं कंपनी सरकार मुंबईंतील गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील धर्मगुरूंस दूर करून त्यांच्या जागीं कार्मेलाईट धर्मगुरु आणूं शकलें, आणि लोकांस कोणी विचारलें नाहीं.

पोर्तुगीज अमलांत आपल्या हिंदु शेजाऱ्यांच्या वांट्यास काय आलें, हेंही आठविलें पाहिजे. गोव्यांत १५६० सालीं स्थापिलेलें इन्क्विझिशन कायमचें बंद झालें तें १८१२ सालीं. आणि त्या राज्यांत हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी घालणारे कायदे झाले होते. आयर्लंडांत आपल्या धर्मबांधवांनीं जें सोसलें, त्याच जातीचें हें होतें. मग १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. शरणागतीच्या अटींत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली. विजयी सेनापतीचें हें औदार्य होय, व त्याचें स्मरण कृतज्ञतेनें केलें पाहिजे. परंतु तेंही औदार्यच होतें.

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें ही स्थिति पालटली. तिच्या २५ व्या कलमानें सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य व धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य ह्यांच्या मर्यादेंत, सर्व व्यक्तींस सारखाच दिला. ३० व्या कलमानें धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांस शाळा स्थापण्याचा हक्क मान्य केला. घटनासमितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि येशूसंघीय धर्मगुरु जेरोम डिसूझा हे तिचे एक सभासद होते. धार्मिक अल्पसंख्याकांकरितां कायदेमंडळांत राखीव जागा ठेवण्याची कल्पना १९४९ सालीं सोडून देण्यांत आली, तेव्हां मुखर्जी ह्यांनीं त्यास पाठिंबा दिला. वेगळ्या जागांपेक्षां समान नागरिकत्वावर भरंवसा ठेवणें त्यांस अधिक इष्ट वाटलें. त्याच घटनेंतील राज्यकारभाराचीं मार्गदर्शक तत्त्वें आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलीं आहेत, हाही एक सुंदर योगायोग होय.

कागदावर लिहिलेला हक्क मात्र आपोआप जिवंत राहत नाहीं. लिमरिकचा तहही कागदावर होताच. तो मोडला, कारण ज्यांच्याकरितां तो होता त्यांस पार्लमेंटांत जागा नव्हती व शेजाऱ्यांच्या मनांत त्यांच्याविषयीं विश्वास नव्हता. १८२९ चा कायदा झाला, कारण चर्चच्या दाराशीं पेनी देणाऱ्या शेतकऱ्यांनीं एकमेकांची संगत सोडली नाहीं, आणि पुष्कळ न्यायी प्रॉटेस्टंटही त्यांच्या बाजूस उभे राहिले. म्हणून आपल्या शेजाऱ्याच्या मंदिरावर, मशिदीवर किंवा शाळेवर अन्याय होईल, त्या दिवशीं तो आपलाच प्रश्न आहे असें समजून पुढें होणें, हें आपलें कर्तव्य होय. आपल्या मुलांस प्रश्नोत्तरें शिकवितांना ह्या इतिहासाचीही दोन अक्षरें शिकवावीं, मताच्या दिवशीं आळस करूं नये, आणि आपल्या पॅरिशमधील सर्वांत गरीब घराचा हक्क सुरक्षित आहे कीं नाहीं, याची विचारपूस करीत जावी. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि व धैर्य देवो.